अर्धा इंच

थीफ रिव्हर फॉल्स. मिनेसोटातलं चोर नदीचं गाव.
फेब्रुवारीत नदी गोठते, चोर कुठे जातो कुणास ठाऊक.
उणे एकतीस. मोटेलबाहेर गाड्यांच्या नाकातून वायरी लोंबतात,
भिंतीतल्या प्लगमध्ये खोचलेल्या;
रात्रभर सलाइन लावल्यासारख्या उभ्या असतात बिचाऱ्या.

रिंकमध्ये माझी जागा ठरलेली. वर, कोपऱ्यात,
जिथून गोल कमी दिसतात, पाय जास्त.
शेजारी डेल्बर्ट औने. चाळीस हिवाळे याच कामात,
थर्मास, सूर्यफुलाच्या बिया, कानावर पेन्सिल.
पहिल्याच वर्षी म्हणाला होता:
पक ज्याच्याकडे आहे त्याला अख्खं गाव बघतं.
तू त्याला बघ, ज्याच्याकडून आत्ताच गेला.

सतरा वर्षांची पोरं.
त्यांचे रकाने: वजन, वळण, मनगट, पहिली तीन पावलं,
मार खाल्ल्यावर उठायला लागलेली सेकंदं.
आईचीसुद्धा उंची विचारतो आम्ही,
पोरगा अजून किती वाढेल याचा अंदाज यावा म्हणून.
मग काचेपाशी उभी असलेली बाई
नकळत ताठ होते.

मीही बसले होते एकदा अशी, मिरजेला, मावशीच्या हॉलमध्ये.
पाच फूट दोन, बी.एस्सी., शिवण येतं.
चष्मा मावशीनं काढून फ्रिजवर ठेवलेला.
समोर एक निळसर शर्ट, वर चेहऱ्याएवढा धूसर डाग.
मी त्याला चहा दिला.
तो त्याच्या काकांनी घेतला.

एकोणीस नंबर. एमेट रुस्ताद, डावी बाजू.
हात असे, की पकनंच काठीची सवय लावून घेतलेली.
डेल्बर्टनं वहीत नावाखाली दोन रेघा ओढल्या.
दुसरी रेघ तो वर्षातून एकदा ओढतो.

मला मात्र मान दिसली.
डाव्या फळीकडे जाताना डोळे वळत नव्हते,
अख्खी मान वळत होती,
गाडी मागे घेताना माणूस वळवतो तशी.
तीनदा. चौथ्यांदा वळवायची राहिली,
आणि तिकडून आलेला धक्का
अंधारात चुकलेल्या पायरीसारखा लागला त्याला.
उठला. दोन सेकंदं. रकान्यात बसतील अशी.

मॅचनंतर पार्किंगमध्ये, केसांच्या टोकांना बर्फ,
तो बापाच्या पिकअपची वाट बघत होता.
मी त्याच्या डावीकडे जाऊन उभी राहिले
आणि गाडीची किल्ली धरली गालाजवळ, न वाजवता.
काही नाही.
मग ती वाजलीच, थंडीनं, माझ्या हातून.
त्यानं किल्ली पाहिली, मग माझ्या जॅकेटवरचा बिल्ला.

"थँक्सगिव्हिंगपासून," म्हणाला.
"घरी माहीत नाही.
फक्त जूनपर्यंत, मॅडम. एवढा ड्राफ्ट होऊ दे."

बाप आला. हातमोजा काढून त्यानं हात मिळवला,
जरा जास्तच वेळ.

रात्री मोटेलच्या टेबलावर रिपोर्ट.
डेल्बर्टला विचारलं नाही;
भिंतीपलीकडे त्याचा खोकला ऐकू येत होता, तेवढी सोबत पुरली.
फ्रिजवरचा चष्मा आठवला. कुणाची तरी दया आली,
माझी की पोराची, ते नीटसं कळलं नाही.

लिहिलं: डावा डोळा. बर्फावर उतरवण्याआधी डॉक्टर.
मग त्याच्या आईला फोन.
मागे भांडी वाजत होती, ती वाजायची थांबली.

उरलेले रकाने तेवढे भरले.
हात: नऊ. पहिली तीन पावलं: नऊ.
उंची सकाळी मीच मोजली होती,
पाच अकरा, आणि वर अर्धा.
सहा लिहिली.
अर्धा इंच माझ्या पदरचा.