भट्टी, रविवार, एक ते चार

खानापूरच्या हायस्कूलात आम्ही फरशीवर खडूनं खुणा केल्या :
पाय इथं, हात जोडून पुढं,
जणू विहिरीत डोकवायचंय, पण पडायचं नाही.
एकशे बारा पाठी त्या दिवशी माझ्यापुढं वाकल्या.
प्रत्येकीवर मी ती छोटी पट्टी टेकवली.
आतली गोळी मधोमध थांबली की "जा",
सातच्या पुढं घरंगळली की नाव लिहून घ्यायचं.

अनुजा घाडी, नववी ब. गोळी नवावर.
उजवी पाठ किंचित वर,
गोधडीखाली कुणाचा हात राहून गेल्यासारखी.

संमतीपत्र तीन भाषांत होतं.
वडिलांनी कन्नड पानावर मराठीत सही केली,
इंग्रजी पान चाळून परत दिलं,
म्हणाले, "वाकडी तर दिसत नाही ओ पोरगी."
ते कौलांच्या भट्टीवर असतात.
"आमच्यात वाकडं कौल बाजूला काढतात,
गोठ्यावर चालतंय. दाबून सरळ करायला गेलं की फुटतंय."
मी म्हटलं, हिचं अजून भाजून झालेलं नाही.
(सरांना हे सांगितलं नाही.
असं म्हणता येतं का, मला ठाऊक नाही.)

बेळगावात साचा घेतला. एक्स-रेवर सत्तावीस अंश.
पांढरं प्लास्टिक, मागं तीन पट्टे,
आणि बगलेखाली वाटाण्याएवढी चिप.
हिला अंगाची ऊब कळते, मी समजावलं,
किती तास घातलं ते आपोआप लिहिते.
रोज अठरा तास.
आम्हाला एवढंच बघायचंय :
तास वाढले की बाक वाढायचा थांबतो का.

तिसऱ्या महिन्यात चिप संगणकाला जोडली.
रात्री नीट पस्तीस.
शाळेच्या वेळी चोवीस, म्हणजे दप्तरात.
आणि रविवारी दुपारी एक ते चार
एकावन्न.

एकावन्नला माणूस उरत नाही.
"चिप बिघडली," सर म्हणाले, "तो दिवस काढून टाका."

मी दोन बस बदलून गेले.
भट्टीच्या मागच्या भिंतीला, जिथं मांजर झोपतं,
खुंटीवर तिचं दुसरं अंग टांगलेलं.
एका कडेला प्लास्टिक मऊ पडून आत वळलेलं.
"तुम्हीच बोललासा की, ऊब मोजतंय म्हणून."
ती कबड्डीवरून आली होती, ढोपरं लाल.
"शाळेत पोरं पाठीवर टकटक करत्यात.
विचारत्यात, घरात कोण हाय काय?"

माझ्या तक्त्यात रकाने आहेत :
तास, अंश, पुरळ, दुखणं.
टकटकीला रकाना नाही.
एवढी हुशारीनं रचलेली तीन तासांची थाप
कुठल्या सरासरीत घालायची?
एकावन्न मी तसंच ठेवलं.
शेजारी पेन्सिलीनं लिहिलं, भट्टी.

नवा साचा झाला. सहा महिन्यांनी तीस अंश.
पाचच्या आतली वाढ आम्ही वाढ मानत नाही,
मोजणाऱ्याचा हातही तेवढा हलतो.
वडील मानतात. दारापर्यंत येऊन पुन्हा विचारलं,
"तीन कशाला वाढले असतील ओ?"

काल पट्टे आवळून बघताना
सवयीनं मी बोटाच्या पेरानं प्लास्टिक वाजवलं.
"आत कोण नाही, मॅडम," ती म्हणाली,
"खेळायला गेलीय. नंतर या."