डुप्लिकेट

सावद्याच्या केळी सोसायटीत
नवी सिस्टीम रात्री बाराला आपोआप चालते.
सकाळी पाहिलं तर
तीन उखर्डू फिरके मिळून एक झालेले.

एक चिनावलचा. एक पोळ्याला वारला.
तिसरा खिडकीशी, टोपी हातात:
"बाई, माह्या घडांचं वजन कोनाच्या नावावर गेलं?"

पुण्याचा सपोर्टवाला फोनवर म्हणाला,
नाव वेगळं पाहिजे, मॅडम, बदलून घ्या.

बदलून घ्या.
आधीची दोन लेकरं गेली तेव्हा
आईने याला उखरड्यावर ठेवून परत उचललं,
मरणाने ओळखू नये
म्हणून ठेवलं असलं नाव.

झांबरेभाऊंच्या जुन्या वहीत
नावांपुढे शिसपेन्सिलीने असायचं:
विहिरीवाला, तोतरा, घरजावई.
फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही.
पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत मी घुसवलं.
हिरवी खूण आली.

वारलेल्याचं खातं मात्र बंद होईना,
रोज सातला त्याला भावाचा मेसेज जातो.
सून म्हणाली, राहू द्या ताई,
फोन वाजला की
सासूबाई विचारतात, आज काय भाव निघाला.