शेवटपर्यंत सैल

सोमवारी उद्यमबागेत लाइट नसते,
म्हणून रविवारीच अर्धं शटर वर केलं.
मंजुळा मुतगेकर एस्टीम घेऊन आली
ती मागच्या सीटशिवाय.
"सीट गच्चीवर ठेवलीय मामा,
आई तिच्यावर बसून शेंगा फोडायली."

पिंजरा भिंतीला टेकून उभा होता.
मच्छ्याला वाकवून घेतलेली बिनजोड नळी,
सहा पाय, प्रत्येकाला चार भोकं.
आम्ही गालिचा उचकटला.
खाली चोर्ल्याची लाल माती, केसांची पिन
आणि जुना, जाड एक रुपया.
"बाबांचा असणार," ती म्हणाली,
आणि उचलला नाही.

मुख्य कमान दारातून आत घालायची म्हणजे
जिन्यातून कपाट वर न्यायचं:
आधी तिरकी, मग उभी, मग एक शिवी.
छताच्या कापडावर ओरखडा आलाच.

ड्रिल लावण्याआधी खाली बघावं.
बघितलं नाही म्हणून एकदा
माझ्या तोंडावर पेट्रोल उडालंय.
बसू गाडीखाली आडवा, टॉर्च दातात.
"ब्याड मामा, ब्याड! स्वल्प ई कडे."
ब्रेकची नळी तिथून तीन बोटांवर होती.
मी स्वल्प इकडे सरकलो.

मग पट्ट्या. एक आत, एक खाली,
मध्ये गाडीचा पत्रा, एक मिलीमीटरसुद्धा नाही.
नुसत्या पत्र्यावर पाय रोवला
तर उलटताना तो आरपार जातो.
बसू खालून हसला,
"इदु नम्म बेळगावि, मामा."
दोन्हीकडून दाबलेलं म्हणाला
की दोन्हीकडून धरलेलं,
मी विचारलं नाही.
पाना त्याच्या हातात होता, नट माझ्या.

आवळायचं नाही अजून.
चार आटे धरले की सोडून द्यायचं,
सगळं कसं खुळखुळत राहिलं पाहिजे.
पहिल्यालाच घाईनं घट्ट केलंस
तर सहाव्या पायाचं भोक हटून बसतं,
मग कानस, मग हातोडा, मग माझं डोकं.

"वेल्डिंगच मारूया काय?" मी म्हटलं,
"जन्माचं काम होईल."
"नको. जन्माचं काही नको मामा.
सीझन संपला की सीट परत घालणार.
आईला हुक्केरीला न्यायचं असतंय."

हेल्मेट घालून ती बसली.
मी डोकं आणि नळी यांच्यात हात घातला.
चार बोटं गेली, पाचवं अडलं.
बोटं मोजताना मला पहिल्यांदा दिसलं
की ही गाडी कधीतरी छतावर झोपू शकते
आणि आत हीच असेल, शेंगांसारखं बोलणारी,
तडतड.
नळीवर फोम चढवला. सांगितला होता त्याच्या दुप्पट.

मग आवळणं. कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात,
टॉर्क पान्याची टक् आली की पुढचा.
बसू त्याच्या आकड्यांत मोजत होता, मी माझ्या.
तो इप्पत्मूरुवर थांबला,
मी चोवीसवर.
दोघंही खरं बोलत होतो असं दोघांनाही वाटत होतं,
म्हणून पहिल्यापासून पुन्हा.
मंजुळेनं तोवर कोपऱ्यावरून तीन चहा आणले,
आणि भोकांच्या कडांना स्वतः प्राइमर लावला,
सावकाश, नखाला रंग लावावा तसा.
चोवीसच निघाले.
बसू म्हणाला, एक मी मनात मोजला असेल.

मी शर्यतीला जात नाही.
आयुष्यभर केलेलं काम कामाला यावं
असंच वाटत आलंय मला.
हे एकच, जे कधी कामाला येऊ नये.

गाडी तिसऱ्या रेल्वे गेटाकडे वळली.
तिचा आवाज आता रिकाम्या डब्यासारखा,
जरा मोठा.
रुपया मी व्हाइसच्या कडेला ठेवलाय.
ती सीट घालायला येईल,
तेव्हा द्यायचा.