बूड

विजयदुर्गच्या खाडीत माझ्या हाताखालून
एकशे अकरा होड्या गेल्या.
होडी वर ओढली की मी आधी तिच्या बुडाशी जातो.
रंगाकडे बघत नाही,
रंग काय, जत्रेच्या आदल्या दिवशीही लागतो.
लाकडी हातोडीने एकेक फळी वाजवतो.
निरोगी साग ठणकन बोलतो.
किडलेला बोलतो भद्द,
आणि वरून तसाच गुळगुळीत, तसाच तेल प्यालेला.

स्वतःचं बूड तपासायला मला सत्तेचाळीस वर्षं लागली.
(हे वाक्य ऐकलं की बायको तोंडाला पदर लावते.
लावू दे.)

बाबांना रक्त पडायचं.
"मूळव्याध असतली," अख्खी वाडी म्हणाली,
"सुरण खावा, ताक पिवा, तिखट सोडा."
बाबांनी दोन वर्षं सुरण खाल्ला,
परड्यातला संपला तेव्हा चुलत्यांचा.
मग कोल्हापूरच्या डॉक्टरने पोट उघडलं
आणि तसंच शिवलं.
अठ्ठावन्नचे होते.
मांडवात त्यांची एक होडी अर्धी उभी होती,
तिच्या उरलेल्या फळ्या मी ठोकल्या.

कणकवलीच्या तेरसे बाईंनी हे सगळं एकदाच ऐकलं.
औषध लिहिलं नाही.
तारीख लिहिली.

आदल्या रात्री ते पाणी.
पाकिटावर संत्र्याचं चित्र,
चव खारात भिजलेल्या खडूची.
दर पंधरा मिनिटांनी एक पेला.
परसदारच्या फेऱ्या मी मोजल्या, चौदापर्यंत.
पंधरावीला बाहेर आलो तर
खाडीला सुकती लागलेली,
आणि मीही आतून
नितळ.

सकाळी टेबलावर कुशीवर.
सुई टोचली, अर्धी झोप आली,
उरलेल्या अर्ध्या डोळ्याने पडद्यावर पाहिलं:
शंखाच्या आतल्यासारखा गुलाबी, ओला,
वळण संपलं की वळण.
हा मी? इतका स्वच्छ मी कधीच नव्हतो.

"हा बघा," बाई म्हणाल्या.
करवंदाएवढं बोंड, बारीक देठावर,
कोणी हाक मारल्यासारखं डोलत होतं.
दुखलं होतं का कधी? नाही.
सांगितलं होतं का त्याने काही? नाही.
"हा कॅन्सर नव्हे, मेस्त्री.
ठेवला तर होऊ शकतो, दहा वर्षांनी,
कदाचित कधीच नाही.
पण ते बघत बसायचं नसतं."

तारेचा फास देठात बसला,
देठ पांढरा पडला,
बोंड सुटलं.
आतड्याला स्वतःचं कापणं कळत नाही,
हे मला त्या दिवशी कळलं.

दुसरा मात्र चपटा, भिंतीला कालवासारखा चिकटलेला.
बाईंनी त्याच्या पोटाखाली पाणी टोचलं,
तो फुगून वर आला,
मग फास.
गुंगीतसुद्धा मान डोलावली मी,
पाचर घालून फळी उचलावी तसं
नेटकं काम.
दोन्ही बाटलीत गेले, बाटली प्रयोगशाळेत.

नवव्या दिवशी कागद आला.
अ‍ॅडिनोमा, दोन. कडा साफ.
बाकीचं बाईंनी समजावलं,
"कडा साफ" मला समजावावं लागलं नाही.
तीन वर्षांनी परत या, म्हणाल्या.
आणि भाऊ आहे म्हणालात ना?

भाऊ आहे. झिलू. गिर्येला, एक्कावन्नचा.
"माका काय एक झाला नाय," फोनवर म्हणतो.
"बाबांक तरी खंय काय दिसत होता?"
पलीकडे मासळीचा लिलाव, कोणीतरी बर्फ फोडतंय.
तो बराच वेळ बोलत नाही.
मग विषय काढतो तो होडीचा:
"माझ्या होडयेचा बूड कदी बघतंस?"

"आदी तुजा."

फोन ठेवलाय त्याने.
बुधवारी जाईन मी हातोडी घेऊन,
होडीच्या निमित्ताने.
पिशवीत खिळे, राळ, कापूस,
आणि तळाशी
संत्र्याच्या चित्राची पाकिटं,
तेरसे बाईंनी त्याच्या नावावर लिहिलेली तारीख.