घोड्याला पाणी दाखवा

रूवीच्या थिएटरात माझं काम खेळ संपल्यावरचं.
पण मी दहा मिनिटं आधीच आत शिरतो,
झाडू, काळी पिशवी, चिकटलेलं खरवडायला पत्रा,
आणि भिंतीला टेकून उभा राहतो.
म्हणून हा सिनेमा मला फक्त शेवटाकडून माहीत आहे.
राजा कुणाशी लढला, कसा फसला,
ते तिकीटखिडकीवरचा सुधीशन सांगतो.
त्याला मराठी येत नाही. तो हातांनी सांगतो.

मी शिरतो तेव्हा नेमका घोडा येतो.
खोगीर रिकामं. रिकिबीत अडकलेला एक जोडा.
सदरेवर बायका, शिपाई, म्हातारा कारभारी,
वर बघायची कुणाची छाती नाही.
आणि आईसाहेब पायऱ्या उतरतात,
सतरा पायऱ्या, अकरा खेळांत मोजून झाल्यात.
घोड्याच्या मानेवर हात ठेवतात, म्हणतात,
"लांबून आलाय. घोड्याला पाणी दाखवा."

शुक्रवारी इथे टाळ्या पडतात.
मंडळाची माणसं फेटे बांधून येतात,
पुढच्या रांगेतून कुणी घोषणा देतं,
दारातला खलफान ओठांवर बोट ठेवतो.
लेबर कॅम्पची पोरं मागे बसतात.
ती टाळ्या वाजवत नाहीत.

नटी चांगली आहे, नाव ठेवायला जागा नाही.
पण हनुवटी जरा वर धरते,
आपण बघतोय हे तिला ठाऊक असल्यासारखी.
नऊवारीची एक चुणी हलत नाही.
हात गोरेपान, कोरे.
राजाची आई, तिला कसलं काम म्हणा,
तरी पोर वाढवलेल्या बाईच्या बोटावर
एखादा तरी चटका असणारच की.

आमच्या दारात अँब्युलन्स आली होती.
सहारवरून निघालेली, रात्रभर,
वाडीचा शेवटचा चढ रिव्हर्समध्ये.
आत लाकडी खोकं, सोहारचा शिक्का,
वर इंग्रजीत दादाचं नाव, तेही चुकलेलं,
संदेशचा संदिश झालेला.
बायकांनी पदर तोंडात धरले.
आये पुढे गेली. खोक्याकडे नाही,
ड्रायव्हरकडे.
"रात्रभर गाडी हाकलीस. काय खाल्लंस काय रे?"
मान खाली. टायरला लागलेल्या लाल मातीकडे बघत.
संगीत नव्हतं. एक कुत्रं भुंकत होतं, ते थांबेना.
मेल्या घरी चूल पेटवत नाहीत.
तिने पेटवली, भात टाकला.
भावकीत अजून बोलतात,
बाईचं काळीज दगडाचं.

सिनेमात यानंतर धाकट्याच्या हाती तलवार देतात.
नगारे, झेंडे, नावं वर सरकू लागतात,
मी दिवे लावतो.

मलाही दिलं होतं, दोन वर्षांनी, व्हिसा आल्यावर.
आमसुलांची बरणी, झाकणाला चिकटपट्टीचे सात वेढे.
मस्कतला कस्टमवाल्याने सुरी लावली,
वास घेतला, तोंड वाकडं केलं, जा म्हणाला.
निघताना आये काय बोलली ते आठवत नाही.
मी खिशातला पासपोर्ट चाचपत होतो.

पाण्याचं पुढे काय झालं, ते दाखवत नाहीत.
बादली कुणी आणली, घोडा प्याला
की तोंड फिरवलं त्याने,
आणि आईसाहेब त्या रात्री कुठल्या खोलीत गेल्या.
सुधीशनला विचारलं, तू तर सगळा पाहिलायस.
त्याने दोन बोटांची कात्री केली.

काल शेवटचा खेळ. सात माणसं, एक विसरलेली छत्री,
ह्या गावात छत्री, कोण आणतं देव जाणे.
बाहेर डोंगर अजून तापलेले होते, काळे, झाडाशिवाय.
पायरीवर बसून आयेला फोन लावला,
सिनेमा सांगितला, मला माहीत आहे तेवढाच.
घोडा आला. रिकामा. ती म्हणाली, पाणी दाखवा.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
मला वाटलं, लाइन गेली.

मग म्हणाली,
"तो जेवला नाय रे तेव्हा.
नुसता भात चिवडला त्याने."