शिल्लक

जानेवारीत सकाळी सहाला ग्वाल्हेरला किल्ला नसतो.
धुकं असतं, त्यात कुठेतरी चारशे मीटरचा ट्रॅक,
आणि थर्मासशेजारी सुया, पट्ट्या, कापूस मांडून बसलेला मी,
प्रयोगशाळेतून बाहेर काढलेला माणूस.

कालिंदी फाळके. आठशे मीटर. वय एकोणीस.
गेल्या आठवड्यात तोंडाला मुखवटा बांधून
तिला पट्ट्यावर पळवली, पाय नाही म्हणेपर्यंत.
प्राणवायूचा आकडा आला सत्तावन्न.
भिंडच्या सपना भदौरियाचा पासष्ट.
सपनाचं हृदय दर ठोक्याला घोटभर जास्त फेकतं.
तरी ट्रॅकवर दोघींत तीन सेकंद,
आणि पुढे कालिंदी.

मी कागद पुन्हा काढले.
एका किलोमीटरला, किलोभर वजनामागे, हवा किती खर्च होते
हा रकाना सहसा कुणी वाचत नाही.
तिथे ही पोरगी भलतीच चिक्कू.
खांदे कुणाशी भांडत नाहीत,
पाऊल टेकतं न टेकतं,
टाचेमागची शीर ताणते आणि घेतलेलं परत करते,
जवळजवळ सगळं, आणि वेळेवर.
मग आठवलं, दौलतगंजात हिच्या आईची खानावळ.
डाळ अर्धी शिजली की आच बंद;
बाकीची झाकण शिजवतं.
सिलिंडर तिथे शेजारणीपेक्षा चार दिवस जास्त पुरतो.

शिट्टी.
पहिली फेरी बासष्ट.
मग पलीकडच्या सरळ रेषेत ती दिसेनाशी होते
आणि मी नुसता ऐकत राहतो:
दोन पावलं आत, दोन बाहेर,
दोन आत,
आणि हिशेब मोडतो.
सहाशेपाशी सगळ्यांचाच मोडतो.
"लॅक्टिक भर गया! हाथ चला, हाथ!" कुशवाह सर धुक्यावर ओरडतात.

बिचारं लॅक्टेट.
आग लागल्यावर बादली घेऊन धावलं,
लोकांना दिसलं ते आगीपाशी,
तेव्हापासून आळ त्याच्यावर.
सरांना मी काही सांगत नाही.
पंधराशे पळायचो तेव्हा मीही त्यालाच शिव्या दिल्यात.

आधी बूट, मग श्वास, मग ती.
दोन मिनिटं सात.
न सांगता बोट पुढे करते, डाव्या हाताची अनामिका.
थंडीनं थेंब येईना. मी बोट चोळतो,
जुन्या टोचणीच्या शेजारी नवी टोचणी.

"किती?"
अकरा पूर्णांक चार. सपनाचं सोळाला जातं.
ताटात टाकलेल्या पोळीकडे आई बघते
तशी ती आकड्याकडे बघते.
"म्हणजे उरलं."
उरलं, मी म्हणतो.
"मग सहाशेला मला का नाही सापडलं?"

ह्याची पट्टी माझ्या डब्यात नाही.
थांब, म्हणतो, पाच मिनिटांनी पुन्हा टोचायचंय,
कधी कधी आकडा मागाहून चढतो.
ती कापूस दाबून ओल्या गवतावर बसते.
किल्ल्याची खालची भिंत तेवढी आता दिसतेय.