उणे एक

उद्यमबागेत रात्रपाळीला भट्टीचा लॉगर पडला,
दोन चाळीसला.
पडद्यावर एक ओळ, तिच्यापुढे लुकलुकणारा कर्सर.
मष्णूमामा म्हणाले, राहू दे गं,
लोखंडाचा रंग मला कळतोय की.
निळी काच डोळ्यांवर ओढून ते भट्टीकडे गेले.

कोड माझाच. तीन वर्षांपूर्वीचा, घाईतला.
त्यात मी कर्नेलकडे जागा मागते,
चार मेगाबाइट,
तापमानाची वही मेमरीत अंथरून ठेवायला.
मग नीट, शहाण्या मुलीसारखी तपासते:
हातात शून्य तर नाही ना पडलं?

शून्य पडलं नव्हतं.
ही जागा नाकारताना कर्नेल शून्य देत नाही,
उणे एक देतो.
आणि पत्ता म्हणून वाचलं तर उणे एक म्हणजे
सगळ्यात शेवटचं घर,
शेवटच्या स्टॉपच्याही पुढचं.
तिथं कुणी राहत नाही,
पण दारावर नंबर आहे.
त्या दारावर मी लिहायला गेले:
चौदाशे ब्याऐंशी अंश.

मला तरी हे कळायला हवं होतं.
चंदगडहून शहापुरात आलो त्या वर्षी
आईनं गुरव्वाच्या दुकानात हिंग आणायला पाठवलं.
गुरव्वा हसून म्हणाली, इल्ला.
मला वाटलं, इल्ली.
इल्ली म्हणजे इथं, हा एकच शब्द तोवर शिकले होते.
इथं म्हणाली म्हणून इथंच उभी राहिले,
तळहात पुढे करून,
दिवे लागेपर्यंत.
एक वेलांटी, एक काना. फरक तेवढाच.

आता पहाटे एक डबी केली आहे.
आत जागा असेल, नाहीतर कारण.
न विचारता झाकण उघडायला गेलात
तर कंपायलरच मनगट धरतो.
कारणसुद्धा नकार आल्या आल्या टिपायचं.
आधी बोंब मारलीत, लॉगमध्ये दोन ओळी छापल्यात,
की तेवढ्यात दुसरंच कुणी येऊन
त्याच पाटीवर आपलं कारण खरडून जातं.
जागा नाही.
परवानगी नाही.
माप बसत नाही.
तिन्हींना मी आजवर एकच समजत होते.
आणि घेतलेली जागा परत करतानाही विचारायचं,
घेतलीस ना रे? हे तर मी कधीच विचारलं नव्हतं.

चारला मामा चहा घेऊन आले.
काय झालतं?
म्हटलं, त्यानं नाही म्हटलं होतं, मला कळलं नाही.
मामांनी कप टेकवला.
कुठल्या भाषेत म्हटलं?

भिंतीवर खडूनं त्यांनी आकडे मांडून ठेवले होते,
नजरेच्या अंदाजाचे, पाच-पाच मिनिटांचे.
ते वहीत चढवावेत का, अजून ठरलेलं नाही.
दोन चाळीस ते चार, रकाने कोरे आहेत.
तिथं मी शून्य भरलेलं नाही.